दोष मापाचा कीं सृष्टीचा?

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांतील कडा ह्या गांवाचें अंतर अहिल्यानगरापासून मोजलें तर एक आंकडा येतो, बीडपासून मोजलें तर दुसरा. आंकडा बदलला म्हणून गांव जागचें हलत नाहीं. परंतु वाटेंतील पूल खचला, तर मोजणी कोठूनही आरंभा, वाट बंदच! आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षण-सिद्धान्तांत हाच विवेक करण्यास विद्वानांस चाळीसांहून अधिक वर्षें लागलीं.

१९१६ सालीं कार्ल श्वार्त्झशिल्ड ह्या जर्मन ज्योतिर्विदानें गोल वस्तुमानाभोवतालचें गुरुत्वक्षेत्र गणितानें काढिलें. त्यांतील पदें दोन ठिकाणीं बिघडतात : एक केंद्रापाशीं, दुसरें एका ठराविक त्रिज्येवर. सूर्याएवढ्या वस्तुमानास ही त्रिज्या सुमारें ३ किलोमीटर. तेथें भौतिक नियमच संपतात, असा समज बळावला. बेल्जियमच्या लमेत्र ह्या गणितज्ञ धर्मगुरूनें १९३३ सालीं दाखविलें कीं, हा दोष केवळ निर्देशकांच्या, म्हणजे स्थळकाळ मोजण्याच्या पद्धतीच्या, निवडीचा आहे. तिकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. १९६० सालीं क्रुस्कल व सेकेरेश ह्यांनीं सर्वत्र चालणारे निर्देशक दिले, तेव्हां कोठें शंका फिटली.

निवाड्याची एक कसोटी अशी : निर्देशक बदलले तरी ज्यांचें मूल्य पालटत नाहीं, अशा वक्रतेच्या राशी तपासाव्या. त्यांपैकीं एक राशी त्या त्रिज्येवर मर्यादित राहते, केंद्रापाशीं मात्र अनंत होते. पहिला दोष मापाचा, दुसरा खरा.

ह्या राशींच्या अभ्यासांत मराठी नांवें आहेत. कोल्हापुरास १९०८ सालीं जन्मलेले विष्णु वासुदेव नारळीकर केंब्रिजहून परतून काशी हिंदु विश्वविद्यालयांत गणित शिकवीत. त्यांनीं के. आर. करमरकर ह्यांच्यासह १९४९ सालीं गुरुत्वक्षेत्राच्या अशा अविकारी राशींवर निबंध प्रसिद्ध केला. चतुर्मित स्थळकाळांत ह्या राशी सामान्यतः चौदा.

उलट चूकही संभवते : खरा बिघाड मापावर किंवा गृहीत धरलेल्या सममितीवर ढकलण्याची. अमलकुमार रायचौधुरी ह्यांनीं १९५५ सालीं व पेनरोज ह्यांनीं १९६५ सालीं सममितीचा आधार न घेतां विचार केला. राशी मर्यादित आहेत एवढ्यावर न थांबतां प्रकाशाची वाट मध्येंच खुंटते काय, हें पेनरोज ह्यांनीं पाहिलें. आणि ती खुंटते, असेंच सिद्ध झालें. तेथें मोजणी बदलून भागत नाहीं. सिद्धान्तासच पुढें नवी वाट शोधावी लागते.