टिश्यू कल्चर म्हणजे विषाणूमुक्ती नव्हे

टिश्यू कल्चरचे रोप म्हटले की ते विषाणूमुक्त असणारच, असे बागायतदारही मानतात आणि त्यांना सल्ला देणारेही. शॅलट, म्हणजे तमिळनाडूत सांबारात घालतात तो छोटा कांदा, या पिकाच्या बाबतीत तरी ही समजूत टिकत नाही.

पूर्वपक्षात तथ्य आहे. शॅलटचे बेणे म्हणजे त्याचेच कांदे. एका हंगामात शिरलेला विषाणू बेण्यातून पुढच्या हंगामात उतरतो आणि साठत जातो. येलो ड्वार्फ विषाणूने पात पिवळी पडते, झाड खुजे राहते. शॅलट लेटंट विषाणू तर एकटा असला की बहुधा लक्षणच दाखवत नाही. शेतकऱ्याला निरोगी दिसणारे बेणेही बाधित असू शकते. अशा वेळी टिश्यू कल्चरच्या निर्जंतुक बाटलीतल्या रोपावर भरवसा बसणारच.

पण बाटलीतली निर्जंतुकता बुरशी आणि जिवाणूंपुरती असते. विषाणू पेशीच्या आत असतो, वरून धुणाऱ्या रसायनाने तो जात नाही. बाधित कांद्याच्या तळचकतीचा तुकडा माध्यमावर वाढवला, तर हजारो रोपांबरोबर विषाणूही वाढेल.

मुक्ती मिळते ती शेंड्याच्या विभाजी ऊतीमुळे. मोरेल आणि मार्टिन यांनी १९५२ मध्ये फ्रान्समध्ये याच मार्गाने बाधित डेलियापासून निरोगी झाडे मिळवली. शेंड्याच्या टोकाला रसवाहिन्या अजून तयार झालेल्या नसतात, त्यामुळे विषाणू तिथे क्वचित पोहोचतो. तुकडा मिलिमीटरच्या काही दशांशाएवढाच घ्यावा लागतो. मोठा घेतला तर विषाणू सोबत येतो, फार लहान घेतला तर तुकडाच जगत नाही. खरे कसब इथे आहे. जोडीला काही आठवडे उष्णतेचा उपचारही देतात. तरीही काही रोपांत विषाणू उरतोच, म्हणून एकेका तुकड्यापासून वाढवलेल्या प्रत्येक रोपसमूहाची एलायझा किंवा आरटी-पीसीआर चाचणी लागते. सुरुवातीला विषाणू इतका कमी असू शकतो की चाचणीत सापडत नाही, म्हणून रोप वाढल्यावर ती पुन्हा करावी लागते.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा: शेतात विषाणू पसरवणारी मावा ही कीड पुन्हा लागण करणारच, मग हा खटाटोप कशाला? लागण होते, हे खरे. विषाणूमुक्त रोप प्रतिकारक्षम नसते. जळगावच्या केळी बागायतदारांनी टिश्यू कल्चरच्या बागांतही काकडी मोझॅक विषाणू (सीएमव्ही) पाहिला आहे. मावा पातीत सोंड खुपसताच काही क्षणांत विषाणू सोडतो, कीटकनाशकाने मावा मरेपर्यंत काम झालेले असते. परंतु लागण पसरायला वेळ लागतो, आणि तेवढ्या काळातले उत्पन्न शेतकऱ्याचे असते. मूळ रोपे कीटकरोधक जाळीत राखून बेणे ठरावीक काळाने बदलत राहिले, तर हा लाभ टिकतो.

म्हणून रोपे घेताना कोणत्या विषाणूंसाठी, कोणत्या टप्प्यावर आणि किती वेळा चाचणी झाली, याचा लेखी अहवाल मागा. तो नसेल तर विषाणूमुक्तीचे जादा पैसे देऊ नका.