युरेका

केंब्रिज विद्यापीठातील ‘द आर्किमिडियन्स’ या विद्यार्थ्यांच्या गणित मंडळाचे नियतकालिक. मंडळ १९३५मध्ये स्थापन झाले. नियतकालिक १९३९मध्ये सुरू झाले. पॉल डिरॅक, रॉजर पेनरोज, मार्टिन गार्डनर अशांनी त्यात लिहिले असले, तरी त्याचे संपादन विद्यार्थ्यांकडेच राहिले. विद्यार्थ्यांनी इतरांसाठी गणित लिहायचे म्हणजे सिद्ध झालेले सोपे करून सांगायचे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ‘युरेका’च्या इतिहासात ती टिकत नाही. इथे न सुटलेला प्रश्नही वाचकापुढे ठेवला गेला आणि त्यातून पुढे मोलाचे संशोधन झाले. १९४४मध्ये फ्रीमन डायसन यांनी विशीच्या उंबरठ्यावर या नियतकालिकात लिहिलेला संख्याविभाजनावरचा, म्हणजे संख्या धन पूर्णांकांची बेरीज म्हणून मांडण्याच्या रीतींवरचा लेख हा त्याचा ठळक पुरावा. एककस्थानी ४ किंवा ९ असलेल्या कोणत्याही संख्येच्या विभाजनांच्या संख्येला ५ने नि:शेष भाग जातो, हे श्रीनिवास रामानुजन यांनी १९१९मध्ये दाखवले होते; ७ आणि ११ने भाग जाण्याचेही असेच नियम त्यांनी दिले होते. पण ही विभाजने पाच सारख्या गटांत वाटायची कशी? डायसन यांनी सुचवले : सर्वांत मोठ्या भागातून भागांची संख्या वजा करा आणि वजाबाकीला ५ने भागून उरणाऱ्या बाकीनुसार गट पाडा. ४ची विभाजने पाच : ४, ३+१, २+२, २+१+१, १+१+१+१. वजाबाक्या येतात ३, १, ०, −१, −३. ऋण संख्यांत ५ मिळवले की ३, १, ०, ४, २. पाचही बाक्या एकेकदाच!

असे लेखन गणिताच्या विद्यार्थ्यांपुरतेच राहते, सर्वसामान्यांपर्यंत पोहोचत नाही, हा आक्षेप वाचकसंख्येपुरता खरा आहे. पण वरचा पडताळा शाळकरी मुलालाही कागदावर घेता येतो. सिद्धता नसलेले छापू नये, हा आक्षेप अधिक गंभीर. डायसन यांनी मात्र आपले अंदाज अंदाज म्हणूनच मांडले, आणि ११च्या नियमाबाबत ही युक्ती फसते हेही नोंदवले : ६च्या अकरा विभाजनांपैकी ४+१+१ आणि ३+३ या दोन्हींची वजाबाकी १च येते. तिथे वेगळे माप असले पाहिजे, असे म्हणून त्यांनी त्या अज्ञात मापाला ‘क्रँक’ हे नाव देऊन टाकले. एवढा मोकळेपणा रूढ शोधपत्रिकेत क्वचितच खपला असता. ५ आणि ७साठीचे अंदाज ॲटकिन व स्विनर्टन-डायर यांनी १९५४मध्ये सिद्ध केले. क्रँकची व्याख्या अँड्र्यूज व गार्व्हन यांनी १९८८मध्ये प्रसिद्ध केली.