‘संत’ या शब्दावरील तळटीप

* संत : नांदेड-लातूरच्या वाचकाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. गोरट्याचे दासगणू महाराज असोत की तेरचे गोरोबाकाका, त्यांचं संतपण लोकांनी ठरवलं. कुठल्या दफ्तराची मोहोर लागली नाही. ख्रिस्ती मंडळींत मात्र याच शब्दापाशी दोन वाटा फुटतात.

कॅथलिक पंथात रीतसर चौकशी होते, मग पोप घोषणा करतात. वसईच्या गोन्सालो गार्सिया यांना १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारलं. संतपद मिळालं १८६२ मध्ये. संत देवाजवळ आपल्यासाठी रदबदली करतात, ही श्रद्धा. वांद्र्याच्या माउंट मेरीला गुडघा धरलेला माणूस मेणाचा पाय वाहतो, तो मारियेकडे हेच मागणं घेऊन.

प्रोटेस्टंटांना मध्यस्थ एकच, ख्रिस्त. मराठी बायबलातला पौल साध्या विश्वासणाऱ्यांनाच ‘पवित्र जन’ म्हणतो. म्हणून पंडिता रमाबाईंच्या वाट्याला अपार आदर येतो, नवस येत नाही. १९२१ मध्ये लेक मनोरमा गेली, तरी बायबलाचं भाषांतर त्यांनी सोडलं नाही. पुढच्याच वर्षी त्या वारल्या. एवढं सोसलेल्या बाईंना संत म्हणायला घोषणेची गरज ती काय?

दुःखाबद्दलचा फरक अधिक खोल. कॅथलिक माणूस आपली वेदना ख्रिस्ताच्या वेदनेत मिसळून दुसऱ्यांसाठी अर्पण करतो. प्रोटेस्टंटाच्या लेखी क्रुसावर सगळं पुरं झालं. दुःखात विश्वासाचा कस लागतो, त्यात भर घालण्यासारखं काही उरत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाच्या वर्णनात वर ‘अर्पण केलेलं दुःख’ असे शब्द आले आहेत, ते कॅथलिक अर्थानं वाचावेत.