घोड नदीतला तांबडा खडा

वाकण्याआधी पाय नीट रोवा, घोडेतले गोटे शेवाळलेले आहेत. पाठीमागे मांडवगण फराट्याच्या बाजूला उसाचे फड, पलीकडच्या काठाला श्रीगोंदा तालुका, आणि तुम्ही उभे आहात त्या उजव्या काठावर इनामगावचं टेकाड. ऊन अजून तिरपं आहे. म्हणूनच तुम्ही इतक्या सकाळी आलात. तिरप्या उन्हात काळा दगड काळाच राहतो, अकीक मात्र आतून पेटतो. तो बघा. बोराएवढा, तांबडा, एका अंगाला पांढरट साल. उचला.

येताना नगर रस्त्यावर वाघोली लागली होती. तिथल्या दगडखाणींतून गर्द निळ्या फुलासारखा कॅव्हन्साइट निघाला. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन यांच्या नावांतली अक्षरं जोडून त्याचं नाव केलं आहे. शास्त्रात त्याचं वर्णन १९७३ साली आलं ते अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या नमुन्यांवरून, पण त्याचे सर्वांत देखणे नमुने वाघोलीचेच. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलमध्ये किंवा जर्मनीतल्या सॅक्सनीत माणसं कथील आणि चांदीसाठी जमिनीत उतरली आणि येताना स्फटिक घेऊन वर आली. आपल्याकडे माणसानं काळा कातळ फोडला तो पाण्यासाठी, रस्त्यासाठी, रेल्वेसाठी. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटात सुरुंग लावून बोगदे पाडले, तेव्हा झिओलाइट स्फटिकांचे झुबके उजेडात आले. शेतकऱ्याची विहीर ही आपली स्फटिकांची खाण.

खडा मुठीत घट्ट धरा. पायाखालचं पाणी आटतंय.

१९७२. पात्र कोरडं, वाळू तापलेली. तुम्ही रस्त्याकडेला बसला आहात, समोर डबराचा ढीग, हातात हातोडी. दुष्काळी काम चालू आहे. सगळ्या महाराष्ट्रात लाखो हात खडी फोडत आहेत. संध्याकाळी ढिगाचं माप घेतलं जाईल आणि त्यावर मजुरी ठरेल. तुम्ही घाव घालता, दगड उकलतो आणि आत पांढऱ्या सुयांचा गुच्छ चमकतो. स्कोलेसाइट, झिओलाइटचाच एक प्रकार. तुमचा हात थबकतो. शेजारची बाई पदर नाकावर ओढत म्हणते, "भाऊ, ती गार बाजूला टाका. कण उडून डोळ्यात जातो." तिचं पोर तो गुच्छ उचलतं, फुंकर मारतं, खिशात टाकतं. त्या दोन वर्षांत असं किती फुटलं आणि खडीत मिसळून डांबराखाली गेलं, याचा विचार केला की माझ्या पोटात कालवतं. पण त्या ढिगासमोर बसलेल्या माणसाला ते सांगायची माझी छाती नाही. त्याला संध्याकाळची भाकरी दिसत होती.

त्याच सुमाराच्या वर्षांत टेकाडावर वेगळंच काम चाललेलं असतं. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजची माणसं इथे खणत होती: ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर, झै. दा. अन्सारी. तुम्ही खड्ड्याच्या कडेला उभे राहा. चारी बाजूंना खुंट्या आणि सुतळी. खाली एक जण उकिडवा बसून ब्रशनं माती झटकतोय. त्याच्या हाती नखाएवढी गारगोटीची कपची लागते. तुम्ही ती नदीत भिरकावली असती. तो ती कापडी पिशवीत ठेवतो आणि चिठ्ठीवर लिहितो: कुठला खड्डा, कितवा थर, किती खोल, तारीख. ती चिठ्ठी मन लावून बघा. अर्ध्या पैशाच्या कपचीला ती बोलतं करते.

आता खड्ड्यात उतरा. एकेक थर म्हणजे एकेक पिढी. भिंतीला हात लावत खाली जा, राखेचा पट्टा ओलांडा, सारवलेल्या जमिनीचा तुकडा ओलांडा.

इसवी सनापूर्वी १३०० च्या आसपास तुमचे पाय टेकतात. जोर्वे संस्कृतीचा काळ. कुडाच्या, मातीनं लिंपलेल्या भिंतींची चौकोनी घरं आणि त्यांवर गवताची शाकारणी. धान्याच्या कणग्या. तांबड्या मडक्यांवर काळी नक्षी, आणि एकाला लांब तोटी. नदीकडून पाट काढला आहे, शिवारात जव उभा आहे. एका घरात सारवलेल्या जमिनीचा एक भाग जरा ताजा दिसतोय. तिथून पाय बाजूला घ्या. ह्या गावात गेलेलं मूल दोन मडक्यांची तोंडं एकमेकांना भिडवून त्यात ठेवतात आणि घरातच पुरतात.

गावाच्या पश्चिम कडेला कारागिरांची वस्ती. एक मणी करणारा राखेतून खडे काढतोय. राखाडी, पिवळसर खडे त्यानं मंद आचेत भाजलेत. आचेनं आतल्या लोहाचा रंग बदलतो आणि खडा तांबडा होतो. तुमच्या मुठीतल्या खड्यासारखाच. शेजारी दुसरा पाती काढतोय. गारगोटीच्या गड्ड्यावर आधी दातेरी कणा तयार करायचा, मग नेमक्या जागी घाव द्यायचा. टक्. बोटभर लांब, कागदासारखं पातं सुटतं. अशी पाती ओळीनं लाकडात बसवली की विळा झाला. तांबं इथे दुर्मीळ, गारगोट्या नदी दर पावसाळ्यात आणून देते.

मणीवाला एक गोल धोंडा फोडतो. बाहेरून अकिकाची साल आणि आत पोकळीत पारदर्शक, टोकदार अपोफिलाइट. तुमचा श्वास अडकतो. तो नखानं स्फटिक खरवडतो, कपाळाला आठी घालतो आणि झटकून टाकतो. त्याचं बरोबर आहे. अकिकाचा कठीणपणा ७, अपोफिलाइटचा जेमतेम ५. धार येणार नाही, भोक पाडायला जावं तर कड उडेल. आपण आज ज्याच्यासाठी पैसे मोजतो तो त्याचा कचरा.

तो कचरा जिथून आला तिथवर जायचं असेल, तर अजून खोल चला. कातळाच्या आत.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी घोड नाही, भीमा नाही, सह्याद्रीही नाही. भारताची भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे आणि तिच्या भेगांतून हजारावर अंश तापलेला रस पसरतोय. दूर उभे राहा, गंधकानं छाती भरते. वरची साय थिजते आणि खालून वर येणारे वायूचे बुडबुडे तिच्याखाली अडकतात. एक बुडबुडा निवडा आणि त्यात बसा. अंधार. तुमच्या वर दुसरा थर येतो, मग तिसरा. दगड निवतो, मग फटींतून ऊन पाणी झिरपायला लागतं. पहिल्यांदा भिंतीवर हिरवट लेप बसतो, त्यावर अकिकाचे पापुद्रे, त्यावर ह्यूलंडाइट, स्टिल्बाइट आणि शेवटी मोकळ्या जागेत अपोफिलाइट. घाई कशालाच नाही. पुष्कळशा पोकळ्यांत हे काम लाव्हा थंडावल्यानंतर लाखो, कधी कोट्यवधी वर्षांनी झालं. १७५६ साली क्रॉन्स्टेट नावाच्या स्वीडिश माणसानं असा एक दगड तापवला, तर तो उकळल्यासारखा फसफसला. म्हणून नाव झिओलाइट, उकळणारा दगड. ते फसफसणं म्हणजे स्फटिकात कोंडलेलं पाणी. तुम्ही आत्ता ज्यात बसला आहात तेच.

डोळे उघडा. घोड वाहतेय, फडात कुणी तरी मोटार चालू केली. टेकाडाच्या पायथ्याशी पावसानं धुतलेल्या मातीत एक पातं उघडं पडलंय, दोन्ही कडांना धार असलेलं. हात पुढे गेला ना? मागे घ्या. ते जिथे पडलं आहे तिथेच त्याचं घर, त्याचा थर आणि त्याचं शतक आहे. खिशात गेलं की नुसती गार.

मुठीतला खडा मात्र न्या. नदीनं त्याला किती कोसांवरून लोळवत आणलं, तिलाच माहीत. खिशातून पेन्सिल आणि कागदाचा कपटा काढा, गुडघ्यावर धरा आणि आजच्या तारखेखाली लिहा: "घोड नदी, उजवा काठ, इनामगाव, तालुका शिरूर. पाण्यातून उचलला. टेकाडावरून नाही."