चौकीदाराच्या परसातली थडगी

लंडनच्या हाइड पार्कात, व्हिक्टोरिया गेटपाशी, चौकीदाराच्या घरामागे बुटक्या शिळांच्या ओळी दाटीने उभ्या आहेत. खाली माणसे नाहीत. बहुतेक कुत्री, थोडी मांजरे, काही पाखरे. श्रीमंत इंग्रजांचे चोचले म्हणून या दफनभूमीची बोळवण करण्याची रीत आहे. मला ती घाईची वाटते. १८८१ च्या एप्रिलात चेरी नावाचे माल्टीज जातीचे कुत्रे म्हातारपणाने गेले. ज्या घरचे ते, तिथली मुले त्याला घेऊन नेहमी बागेत येत. चौकीदाराशी त्यांची गट्टी होती. चेरीला इथेच पुरू द्या, अशी गळ त्यांनी घातली आणि त्याने परसातली जागा दिली. त्यानंतर आला तो केंब्रिजच्या ड्यूकच्या पत्नीचा, गाडीच्या चाकाखाली सापडलेला कुत्रा. आधी बालहट्ट, मग राजहट्ट. हा क्रम महत्त्वाचा आहे.

पॅरिसजवळच्या आस्निएरची प्राण्यांची दफनभूमी १८९९ ची. तिच्यामागे कायदा होता: मेलेली जनावरे उघड्यावर किंवा नदीत टाकायची नाहीत, असे १८९८ मध्ये ठरले होते. लंडनच्या त्या परसामागे असला कोणताच कायदा नव्हता. मुलांना ही कल्पना सुचली कुठून, याचे उत्तर त्यांच्या घरांतच सापडते. त्या काळच्या इंग्लंडात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी सव्वाशेहून अधिक वर्षाच्या आत दगावत. काळे कपडे, कोरलेली शिळा, फुले हे सगळे मुलांनी जवळून पाहिलेले होते. आपल्या माणसासाठी जे करायचे ते चेरीसाठी का नको, एवढाच त्यांचा हिशेब. मोठ्यांना तो लगेच पटला, हे पुढच्या थडग्यांवरून दिसते. जनावराला अमर आत्मा नाही असे मानणाऱ्या चर्चच्या छायेत वाढलेल्या लोकांनी आपल्या कुत्र्यांच्या शिळांवर पुनर्भेटीची आशा कोरून घेतली!

यावर कोणी म्हणेल, मग हे व्हिक्टोरियन शोकसोहळ्याचेच शेपूट झाले. सोहळ्याचा थाट त्या काळाचा, हे मान्य. दुःख मात्र नव्हे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या सुमाराची ग्रीक कवयित्री अनीते हिच्या नावावर एक छोटी कविता आहे. तीत मिरो नावाची मुलगी आपला नाकतोडा आणि सिकाडा नावाचा किडा यांना एकाच थडग्यात ठेवून रडते. मिरो काल्पनिक असेल, कवितेत थोडी थट्टाही असेल. पण किडे पुरून रडणारी पोर ऐकणाऱ्यांच्या ओळखीचीच नसती, तर त्या थट्टेत गंमत कसली?

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. त्याच लंडनमध्ये गरिबांची पोरे बिननावाच्या सामाईक खड्ड्यात पुरली जात होती. हे खरे आहे आणि शिळा कोणाला परवडली याचे उत्तर त्यातच आहे. रडू कोणाला आले, याचे मात्र नाही. आणि शिळा परवडणाऱ्यांचेही सगळेच काही थाटात झाले नाही. मालक अनेकदा इतके खचलेले असत की येतच नसत. कॅनव्हासच्या पिशवीत शिवलेला तो मुका जीव चौकीदारच मातीआड करी. जागा भरून १९०३ च्या सुमारास दफने थांबली तोवर त्याच्या परसात सुमारे तीनशे थडगी झाली होती. पुढच्या काही शिळांवर मजकुराची गर्दी आहे. चेरीच्या शिळेवर नाव, त्याआधी ‘बिचारे’ एवढा एक शब्द आणि मृत्यूची तारीख.