श्रावण वद्य पक्ष आणि नागपूर प्रांतांतील कागदांचा कालनिर्णय

(१)

कोणत्याहि जुन्या कागदाचा उपयोग त्याच्या मितीवर अवलंबून असतो. मिति महिनाभर चुकली कीं पत्राचा संबंध भलत्याच प्रसंगाशीं जोडला जातो, उत्तर पत्राच्या आधीं येतें, आणि मृत मनुष्याच्या नांवें सनद निघालेली दिसते. असा महिन्याचा घोटाळा होण्यास नागपूर प्रांतांत एक विशेष कारण आहे. तें म्हणजे या प्रांतांत शेजारीं शेजारीं चालत आलेल्या दोन मासगणना. हा भेद व्रतांच्या संबंधांत बहुतेकांस ठाऊक आहे. पण पोथ्या व कागद वाचतांना तो विसरला जातो. श्रावण हा व्रतबहुल मास असल्यामुळें त्याच्याच उदाहरणानें हा विषय मांडणें सोयीचें होईल.

प्रथम माझ्याच चुकीची हकीकत सांगतों. शाळेंत संस्कृत शिकवीत असतां एका विद्यार्थ्यानें घरची व्रतकथांची पोथी मला दाखविण्यास आणिली. तिच्या पुष्पिकेंत श्रावण कृष्ण पक्षांतील तिथि व वार दिलेला होता. मीं नेहमींप्रमाणें गणित करून पाहिलें, तों वार जुळेना. जन्माष्टमीची तिथिहि त्या पोथींत भाद्रपद कृष्ण अष्टमी अशी दिलेली होती. तेव्हां लेखक अजाण असावा असें ठरवून मीं समासांत पेन्सिलीनें ‘भाद्रपद’ या शब्दासमोर ‘श्रावण’ असें लिहिलें आणि पुष्पिकेजवळ प्रश्नचिन्ह घातलें. लेखक बरोबर होता व चूक माझी होती, हें कळण्यास कांहीं वर्षें जावीं लागलीं. तोंपर्यंत पोथी माझ्या हातून गेलेली होती. माझें प्रश्नचिन्ह मात्र तिच्यावर अजून असेल. त्याचें प्रायश्चित्त म्हणून हा लेख.

(२)

चांद्र मास मोजण्याचे दोन प्रकार आहेत. अमावास्येला मास संपतो असें मानणें हा अमान्त अथवा दर्शान्त पक्ष. पौर्णिमेला संपतो असें मानणें हा पूर्णिमान्त पक्ष. अमान्त मासांत शुक्ल पक्ष आधीं व कृष्ण पक्ष मागून येतो. पूर्णिमान्त मासांत कृष्ण पक्ष आधीं व शुक्ल पक्ष मागून. यावरून एक गोष्ट सहज लक्षांत येईल कीं, शुक्ल पक्षाचें नांव दोन्ही गणनांत एकच राहतें. सर्व वाद कृष्ण पक्षाचा आहे. ज्याला आपण आषाढ वद्य म्हणतों, तो पूर्णिमान्तवाल्यांचा श्रावण कृष्ण. आपला श्रावण वद्य तो त्यांचा भाद्रपद कृष्ण. नागपंचमी, राखीपौर्णिमा, गणेशचतुर्थी यांविषयीं मतभेद उद्भवत नाहीं, याचें कारण हेंच.

नर्मदेच्या दक्षिणेस अमान्त व उत्तरेस पूर्णिमान्त, अशी ढोबळ मर्यादा सामान्यतः सांगतात. पुण्याच्या किंवा पैठणच्या संशोधकास ती पुरेशी आहे. आमच्या प्रांतांत ती लागू पडत नाहीं. नागपूर व रायपूर हीं दोन्हीं नगरें नर्मदेच्या दक्षिणेस, जवळ जवळ एकाच अक्षांशावर आहेत. नागपूर सुमारें २१ अंश ९ कला, तर रायपूर २१ अंश १५ कला. तरीहि नागपूरच्या मराठी घरांत मास अमान्त आणि रायपुरांत पूर्णिमान्त. शिवनी व छिंदवाडा हेहि नर्मदेच्या दक्षिणेसच, पण तेथील हिंदी समाजाची गणना उत्तरेची. म्हणजे येथें सीमा नदीची नसून लिहिणाराच्या कुळाची व भाषेची आहे.

हें मिश्रण कसें झालें तें इतिहास सांगतो. अठराव्या शतकाच्या आरंभीं देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद यानें नागपूर वसविलें. त्याच शतकाच्या मध्यास पहिल्या रघुजी भोसल्यानें तें आपल्या राज्याचें मुख्य ठाणें केलें. १७४१ मध्यें भास्करराम कोल्हटकराची स्वारी छत्तीसगडांत गेली, आणि पुढें रघुजीचा पुत्र बिंबाजी रतनपुरास राहून त्या मुलखाचा कारभार पाहूं लागला. १७८७ मध्यें तो मरण पावला. या काळांत मराठी कारकून हिंदी मुलखांत गेले आणि हिंदी भाषा बोलणारे लोक नागपुरांत येऊन राहिले. १८५४ मध्यें राज्य खालसा झालें. १८६१ मध्यें मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी झालें, आणि १९५६ पर्यंत हें नगर द्वैभाषिक प्रांताचें मुख्य ठिकाण राहिलें. एकाच कचेरींत, एकाच गल्लींत, कधीं कधीं एकाच वाड्यांत दोन श्रावण नांदत आले, ते असे.

(३)

व्यवहारांत याचा परिणाम काय होतो, हें एका नजीकच्या वर्षावरून पाहूं. २०२४ सालीं पूर्णिमान्त श्रावण २२ जुलैस, सोमवारीं, सुरू झाला आणि १९ ऑगस्टला राखीपौर्णिमेस संपला. अमान्त श्रावण ५ ऑगस्टला, तोहि सोमवारींच, लागला आणि पुढच्या महिन्याच्या आरंभीं संपला. पहिल्या गणनेंत सोमवार पांच : जुलैचे २२ व २९, ऑगस्टचे ५, १२ व १९. दुसऱ्या गणनेंतहि पांच : ऑगस्टचे ५, १२, १९ व २६ आणि सप्टेंबरची २ तारीख. दोघांस समान सोमवार तीनच. हिंदी शेजारीण शंकरास बेलपत्र वाहून दोन सोमवार करून चुकते, तेव्हां कुठें मराठी घरांतील नवी सून शिवामुठीस आरंभ करते. आणि शेजारणीचा मास राखीबरोबर संपल्यावरहि इकडे कान्होबाचा फुलोरा व पिठोरी अमावास्या शिल्लकच असतात.

अधिक मासांत हा भेद आणखी ठळक होतो. अधिक मास दोन्ही गणनांत अमावास्येपासून अमावास्येपर्यंतच धरितात. त्यामुळें पूर्णिमान्त गणनेंत तो शुद्ध मासाच्या दोन पक्षांच्या मध्यें येऊन बसतो. २०२३ सालीं अधिक श्रावण १८ जुलैपासून १६ ऑगस्टपर्यंत होता. उत्तरेकडील श्रावण ४ जुलैस लागून पंधरा दिवस न होतात तोंच मध्यें अधिक मास आला, आणि उरलेला शुक्ल पक्ष १७ ऑगस्टपासून पुढें चालला. त्यामुळें त्यांस आठ सोमवार मिळाले. मराठी घरांतील निज श्रावण १७ ऑगस्टला सुरू होऊन त्यांत चारच सोमवार आले. अधिक मासाच्या वर्षांतील कागद तपासणारानें ही मांडणी डोळ्यांपुढें ठेविलीच पाहिजे.

सणांच्या नांवांनीं होणारा घोटाळा याहून सूक्ष्म आहे. ‘श्रावण अमावास्या’ हा शब्द घ्या. नागपूरच्या मराठी मनुष्यास त्यावरून पोळा आठवेल : बैलांची पूजा, खांदेमळणी, तोरणाखालची रांग. छत्तीसगडच्या शेतकऱ्यास त्याच शब्दानें हरेली आठवेल, आणि त्या दिवशीं पूजा होते ती नांगर, कुदळ इत्यादि अवजारांची. दोन्ही सण शेतीचे, दोन्ही अमावास्येचे, दोहोंचें नांव श्रावण अमावास्या. पण त्यांच्यामध्यें पुरा एक चांद्र मास आहे. आपला पोळा छत्तीसगडांत ‘पोरा’ या नांवानें त्याच दिवशीं होतो. तेथें मात्र त्यास भाद्रपद अमावास्या म्हणतात. इकडे पश्चिम महाराष्ट्रांत कांहीं भागांत अमान्त भाद्रपद अमावास्येसहि बैलपोळा करितात. तेव्हां एखाद्या कागदांत भाद्रपद अमावास्येच्या पोळ्याचा उल्लेख आढळल्यास, लिहिणारा कोठला हें ठरविल्यावांचून दिवस ठरत नाहीं.

याच्या उलट नागपूरचा तान्हा पोळा व मारबतींची मिरवणूक पाहावी. हीं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस होतात. शुक्ल पक्ष लागलेला असल्यामुळें त्या दिवसाचें नांव सर्वांच्या पंचांगांत एकच. आदल्या दिवसाला कोणी श्रावण म्हणो, कोणी भाद्रपद. काळ्या व पिवळ्या मारबतीमागून चालणारा जमाव मात्र एकाच मितीस निघतो.

(४)

आतां ग्रंथांकडे वळूं. कृष्णजन्माचा मास कांहीं पुराणवचनांत श्रावण, तर कांहींत भाद्रपद असा येतो. निबंधकारांनीं त्याची व्यवस्था मासगणनेच्या भेदानेंच लाविली आहे. दोहोंतून एकच रात्र सिद्ध होते. त्यामुळें पोथींतील ‘भाद्रपद कृष्ण अष्टमी’ हा पाठ अशुद्ध समजण्याचें कारण नाहीं.

येथें एक मोह आवरला पाहिजे. पोथी काशीची असली कीं गणना पूर्णिमान्त, व दक्षिणेची असली कीं अमान्त, असें म्हणून मोकळें होतां येत नाहीं. हेमाद्रीचा ‘चतुर्वर्गचिंतामणि’ देवगिरीच्या यादवांच्या आश्रयानें तेराव्या शतकांत झाला. काशिनाथ उपाध्यायांचा ‘धर्मसिंधु’ १७९० च्या सुमारास पंढरपुरीं झाला. हे दक्षिणेचे. परंतु १६१२ मध्यें ‘निर्णयसिंधु’ रचणारे कमलाकरभट्ट काशीचे असले तरी त्यांचें घराणें मूळ पैठणचें; आणि १७३६ मध्यें काशींत ‘व्रतराज’ लिहिणारे विश्वनाथ हे मूळ कोंकणांतील. दाक्षिणात्य पंडितांच्या घरीं तयार झालेल्या प्रती काशींतून नागपुराकडे आल्या असल्यास, लेखकानें घरची गणना घातली कीं नगराची, हें प्रत्येक प्रतीपुरतें पाहावें लागतें. ग्रंथाचें स्थळ हा तर्क आहे, प्रमाण नव्हे. ‘शुद्ध-वद्य’ हे शब्द मराठी हाताचे आणि ‘सुदि-बदि’ हे हिंदी हाताचे, ही खूणहि उपयोगी आहे. पण ‘सुदि-वदि’ जुन्या यादव शिलालेखांतहि आढळतें, म्हणून तिच्यावरहि एकटीवर विसंबूं नये.

(५)

मग प्रमाण कोणतें? माझ्या मतें तीन कसोट्या आहेत.

पहिली वाराची. कोणतीहि तिथि पुढील मासांत २९ किंवा ३० दिवसांनीं येते. म्हणजे चार आठवडे होऊन एक किंवा दोन वार पुढें सरकतो. २०२४ सालची पूर्णिमान्त श्रावण कृष्ण अष्टमी २८ जुलैस रविवारीं होती. अमान्त श्रावण वद्य अष्टमी २६ ऑगस्टला सोमवारीं. कागदावर रविवार असता तर पहिली गणना, सोमवार असता तर दुसरी. मात्र तिथीच्या क्षयवृद्धीमुळेंहि एका वाराचा फरक पडतो. यास्तव तिथि किती घटिका होती व सूर्योदयास कोणती होती, हें पाहिल्यावांचून निर्णय करूं नये. माझ्या पोथीचें गणित मीं पूर्णिमान्तानें पुन्हां केलें, तेव्हां वार चोख जुळला.

दुसरी कसोटी चंद्राच्या तारखेची, व ती सर्वांत बळकट. मराठी कागदांत ‘छ’ म्हणून मुसलमानी महिन्याची तारीख येते. तो महिना चंद्रदर्शनानें सुरू होत असल्यामुळें अमान्त मासाबरोबर चालतो. अमान्त श्रावण वद्याची ‘छ’ ज्या महिन्याची, त्याच्या मागच्या महिन्याची ‘छ’ पूर्णिमान्त श्रावण कृष्णास पडते.

तिसरी कसोटी सणाची व नक्षत्राची. कागदांत जन्माष्टमी, पोळा, हरेली यांपैकीं कशाचा उल्लेख आहे आणि चंद्र कोणत्या नक्षत्रीं सांगितला आहे, यावरून बहुधा मास निश्चित होतो.

एका प्रसिद्ध मितीस या कसोट्या लावून पाहूं. अहिल्याबाई होळकर यांचें देहावसान १३ ऑगस्ट १७९५, गुरुवारीं झालें. महाराष्ट्रांत त्यांची पुण्यतिथि श्रावण वद्य चतुर्दशीस करितात. इंदुरांत ती भाद्रपद कृष्ण चतुर्दशीस होते. वरवर पाहतां एका महिन्याचा विरोध दिसतो. वस्तुतः दिवस एकच. हिजरी १२१० चा मोहरम गणितानें १८ जुलै १७९५ रोजीं सुरू होतो. तेव्हां हा दिवस मोहरमच्या सत्ताविसाव्या चंद्राच्या आसपास पडतो. महाराष्ट्रांतील ‘श्रावण वद्य १४’ ही मिति कोणी पूर्णिमान्तानें लाविली, तर ती जुलैच्या मध्यास, जिल्हेजच्या अखेरच्या आठवड्यांत जाईल. आणि इंदूरची मिति अमान्तानें लाविली तर निदान एक महिना पुढें सरकेल. एका थोर स्त्रीच्या बाबतींत इतर साधनें विपुल असल्यामुळें चूक लागलीच उघडकीस येते. पण एखाद्या खेड्याच्या मालगुजाराची सनद, एखाद्या देवस्थानाचा नैवेद्यखर्च, एखाद्या विधवेचा वृत्तीचा कागद यांना दुसरें साधन नसतें. त्यांची मिति आपण चुकविली तर ती चुकलेलीच राहते.

(६)

शेवटीं संग्राहकांस तीन गोष्टींची विनंति आहे. कृष्ण पक्षाची मिति छापतांना मूळांतील अक्षरें जशींच्या तशीं द्यावीं. इंग्रजी तारीख देणें झाल्यास ती कोणत्या गणनेनें काढिली तें कंसांत सांगावें. वार, नक्षत्र व ‘छ’ हीं निरुपयोगी समजून गाळूं नयेत; निर्णय त्यांवरच होतो. आणि १९५७ नंतरच्या सरकारी कागदांवर राष्ट्रीय पंचांगाचा श्रावण असल्यास, तो सौर असून २३ जुलैस लागतो, हें ध्यानांत ठेवून त्यास चांद्र श्रावणांत मिसळूं नये.

चौथी विनंति माझ्या अनुभवांतून आली आहे. वार जुळला नाहीं म्हणून पोथीवर पेन्सिल चालवूं नये. शंका वेगळ्या चिठ्ठीवर लिहावी, खालीं तारीख घालावी, आणि ती चिठ्ठी पोथींत ठेवावी. आपल्यामागून येणारा कोणी अधिक जाणता निघाल्यास त्याला लेखकाचें म्हणणें लेखकाच्याच अक्षरांत वाचावयास मिळालें पाहिजे. माझ्या विद्यार्थ्याच्या घरची ती पोथी या लेखाच्या वाचकांपैकीं कोणाच्या संग्रहांत आली असेल, तर त्यानें समासांतील प्रश्नचिन्ह हलक्या हातानें पुसून टाकावें. पुष्पिकेंतील मिति बरोबर आहे.