प्लेगपेक्षा सोल्जरची भीती : पुणे, १८९७

हिंजवडीहून, म्हणजे आमच्या मुळशी तालुक्यातून, बसने पुण्यात जाताना विद्यापीठ चौकाशी गणेशखिंड रस्ता लागतो. २२ जून १८९७ च्या रात्री याच रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट या इंग्रज अधिकाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. शाळेत आपण एवढं शिकलो. मला मात्र त्याआधीचे तीन-चार महिने जास्त महत्त्वाचे वाटतात.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग निघाला, मग पुण्यात पोचला. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला. अगदी छोटा. पण चौथं कलम बघा: या कायद्याखाली सद्भावनेने काही केलं, तर त्या माणसावर दावा चालणार नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर अ‍ॅडमिन अ‍ॅक्सेस दिला, पण लॉग ठेवलाच नाही.

प्लेग कमिटीचा प्रमुख रँड. मार्चच्या मध्यापासून गोरे सोल्जर घरोघर शिरायला लागले. स्वयंपाकघर, देवघर, कुठेही. काखा-जांघा तपासायच्या, संशयिताला कॅम्पात न्यायचं, सामान जाळायचं. बायकांच्या अब्रूच्या तक्रारी झाल्या. विचारणार कुणाला? राज्य त्यांचं, आपण 'नेटिव्ह'.

रोग खरा होता, रोग्याला वेगळं ठेवणंही चुकीचं नव्हतं. पण लोक प्लेगपेक्षा झडतीला घाबरले. आजारी माणूस लपवला, गाव सोडलं. म्हणजे ज्या उपायाने साथ थांबायची, त्याच्यापासूनच माणसं पळाली. उंदरांवरच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो, हे तर १८९८ मध्ये सिमाँने दाखवलं.

अमेरिकेत असंच झालं. टस्कीगीत १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी डॉक्टरांनी शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस नुसता बघत ठेवला, पेनिसिलिन आल्यावरसुद्धा. मग कोविडच्या लशीवर त्यांच्यातल्या अनेकांनी आधी शंका घेतली, तर त्याला अडाणीपणा कसं म्हणणार? ती आठवण होती.

आणि आपण? गोऱ्यांनी शिवाशिव मोडली म्हणून चिडलेल्या पुण्यात दलितांना कोण शिवत होतं? सावित्रीबाई. मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात त्या रोगी आणत होत्या. मुंढव्याच्या एका दलित मुलाला त्यांनी स्वतः उचलून आणलं, त्यात त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

एकाच महिन्यात, एकाच शहरात, रोग्याकडे जायच्या या दोन तऱ्हा होत्या. एकीपासून लोक लपले, दुसरीत रोग्याला स्वतः उचलून आणलं गेलं.

मार्च २०२० मध्ये आपल्याकडे कोरोनासाठी हाच १८९७ चा कायदा लागू झाला. पुढची साथ येईल तेव्हा एवढं बघा: दार वाजवणाऱ्याला जाब विचारता येतोय का? येत नसेल, तर लोक पुन्हा रोगी लपवतील.